लीफग्रीन खेळा, पण बल्बासॉर घेऊन

पोकेमॉन लीफग्रीन हा २००४ सालचा गेम, गेम बॉय ॲडव्हान्सवरचा. इतक्या वर्षांनीही तो मन लावून खेळावा असा आहे, आणि खेळायचा तर पहिला पोकेमॉन बल्बासॉरच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पाठीवर बी घेऊन जन्माला येणाऱ्या प्राण्याकडे माझा ओढा असणारच. पण हे मत नुसत्या ओढ्यातून आलेलं नाही. आठही जिम (म्हणजे लढतीचे आखाडे) आणि शेवटचे एलिट फोर, म्हणजे सगळ्यात कसलेले चार खेळाडू, बल्बासॉरला पुढे ठेवून पार केल्यावर आलेलं आहे.

गेम अगदीच माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कँटो नावाच्या प्रदेशात पॅलेट टाउन हे तुमचं गाव. तिथले प्राध्यापक ओक तुमच्यापुढे तीन पोकेमॉन ठेवतात: गवत गटातला बल्बासॉर, पाण्याचा स्क्वर्टल, आगीचा चारमँडर. एक उचलायचा, गावोगाव हिंडायचं, जंगली पोकेमॉन पकडायचे, प्रत्येक शहरातल्या जिमच्या प्रमुखाला हरवून बिल्ला मिळवायचा. मूळ गेम रेड आणि ग्रीन या नावांनी जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी आले, आणि ग्रीनच्या खोक्यावर बल्बासॉरचं पूर्ण वाढलेलं रूप, व्हीनसॉर, होतं. लीफग्रीन म्हणजे त्याच ग्रीनची रंगीत, सुधारलेली आवृत्ती. याच्याही खोक्यावर व्हीनसॉरच आहे. मालिकेचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता आणि त्यातूनच हा खेळ सुचला. उंच गवतात पाऊल टाकलं की काहीतरी निघेल ही धाकधूक गेममध्ये अजून तशीच्या तशी लागते.

आपल्याकडे बहुतेकांनी बल्बासॉर पाहिला तो कार्टूनमध्ये, हिंदीतून. तिथे तो नायक ॲशचा फार आवडता सोबती आहे आणि मोठं व्हायला साफ नकार देतो. त्यामुळे तो गोंडस आणि थोडा हट्टी, एवढीच त्याची ओळख राहिली. गेम हातात घेतलेली मुलं मात्र डोळे झाकून चारमँडर उचलतात. माझ्या भाच्याचंही तेच. "मावशी, चारमँडर घे ना, त्याचा चारिझार्ड होतो, तो उडतो!" मी म्हटलं, "उडू दे रे. मला याच्या पाठीवर काय उगवतं ते बघायचंय."

काय उगवतं ते फार विचार करून काढलेलं आहे. बल्बासॉरची रचना आत्सुको निशिदा यांची, पिकाचूही त्यांचाच. ७० सेंटीमीटर उंच, ६.९ किलो वजन, निळसर हिरवं बेडकासारखं अंग आणि पाठीवर मिटलेला हिरवा गड्डा. सोळाव्या लेव्हलला त्याचा आयव्हीसॉर होतो, गड्डा उमलू लागतो, गुलाबी कळी दिसते. बत्तिसाव्या लेव्हलला व्हीनसॉर: जाड खोडावर पसरलेलं मोठं फूल, खाली रुंद पानं. पाठीवरचा भार वाढला की आयव्हीसॉरला मागच्या पायांवर उभं राहता येत नाही, असं पोकेडेक्समध्ये, म्हणजे गेममधल्या पोकेमॉनच्या माहितीकोशात, लिहिलंय. मला हे वाक्य फार आवडतं. शरीराने मिळवलेलं अन्न कळीकडे वळतं आणि त्याची किंमत त्या शरीराला मोजावी लागते, हे वनस्पतिशास्त्रातलं खरं आहे आणि लहान मुलांच्या गेममध्ये कोणीतरी ते एका ओळीत बसवलंय.

आता खेळातला भाग. लीफग्रीनमध्ये बल्बासॉर निवडला की ओक म्हणतात, हा वाढवायला अगदी सोपा आहे. पहिल्या तीन जिमपुरतं हे शंभर टक्के खरं आहे. प्यूटर शहरातला ब्रॉक दगडाचे पोकेमॉन ठेवतो: बाराव्या लेव्हलचा जिओड्यूड आणि चौदाव्या लेव्हलचा ऑनिक्स. दोघेही दगड आणि जमीन अशा दुहेरी गटातले, म्हणजे गवताचा वार त्यांना चौपट लागतो. त्यात ऑनिक्सचा साधा बचाव १६० असला तरी विशेष बचाव फक्त ४५ आहे, आणि या पिढीच्या गेममध्ये गवताच्या सगळ्या चाली विशेष गटात मोजल्या जातात. दहाव्या लेव्हलला व्हाइन व्हिप ही गवताची चाल मिळाली की तो अजस्र दगडी साप एका फटक्यात आडवा होतो. चारमँडर घेतलेल्यांची इथेच दमछाक होते. पुढे सेरुलियनच्या मिस्टीकडे पाण्याचे स्टारयू आणि स्टारमी, व्हर्मिलियनच्या सर्जकडे विजेचे पोकेमॉन. पाण्यावर गवत भारी आणि विजेचा गवतावर परिणाम निम्मा. तीन बिल्ले हसत हसत.

मग सेलाडॉन शहर येतं आणि चित्र पालटतं. तिथली प्रमुख एरिका. तिची जिम म्हणजे फुलांनी भरलेली बाग, आणि तिचे तिन्ही पोकेमॉन गवताचे: व्हिक्ट्रीबेल, टँगेला, व्हाइलप्लूम. गवतावर गवताचा वार निम्मा. व्हिक्ट्रीबेल आणि व्हाइलप्लूम विषारीसुद्धा असल्याने त्यांच्यावर तर चतकोरच. तिच्यानंतर विषवाला कोगा, मग मानसिक शक्तीची सबरिना, मग आगीचा ब्लेन. बल्बासॉर गवताबरोबर विष गटातलाही आहे, म्हणून सबरिनाचे वार त्याला दुप्पट झोंबतात. ब्लेनचे तर झोंबतातच. म्हणजे ओळीने चार जिम अशा की तुमचा मुख्य पोकेमॉन जन्मतःच मागे. आणि तुमचा प्रतिस्पर्धी सुरुवातीलाच चारमँडर घेऊन बसलेला असतो, तो शेवटपर्यंत चारिझार्ड घेऊन आडवा येतो. ओक म्हणतात तितकं हे सोपं मुळीच नाही, आणि बल्बासॉर कळायला लागतो तो याच टप्प्यावर.

कारण इथे नुसतं बळ चालत नाही, त्याच्या बाकीच्या चाली वापराव्या लागतात. सातव्या लेव्हलला लीच सीड येते. बहुतेक मुलं ती विसरून जातात, कारण तिने समोरच्याला ठोसा बसलेला दिसत नाही. समोरच्यावर बी पडतं, रुजतं, आणि दर फेरीला त्याच्या एकूण एचपीचा, म्हणजे जीवशक्तीचा, आठवा हिस्सा शोषून तुमच्या पोकेमॉनला देतं. आंब्यावर बांडगूळ धरलं की झाडाचं पाणी जसं त्याच्याकडे जायला लागतं, तसंच. पंधराव्या लेव्हलला पॉयझन पावडर आणि स्लीप पावडर दोन्ही एकदम मिळतात. झोप आणि विष एकाच वेळी एकाच पोकेमॉनला लागू होत नाहीत, पण लीच सीड दोन्हींच्या जोडीने चालते. समोरचा झोपलाय, त्याच्या अंगातून दर फेरीला थोडं थोडं इकडे येतंय, आणि आपण शांतपणे पुढचा विचार करतोय: बल्बासॉरचा खेळ हा असा आहे.

याचं सगळ्यात छान प्रात्यक्षिक स्नोरलॅक्ससमोर होतं. बाराव्या क्रमांकाच्या रस्त्यावर तो भलामोठा पोकेमॉन वाट अडवून झोपलेला असतो. लॅव्हेंडर टाउनच्या फुजी आजोबांकडून मिळालेली पोके फ्लूट वाजवली की उठतो आणि अंगावर येतो. लेव्हल ३०, एचपी साधारण १४०. माझ्या आयव्हीसॉरकडे तेव्हा ऐंशीच्या आसपास. त्याच्या पहिल्याच हेडबटने, म्हणजे डोक्याच्या धडकेने, माझी एचपीची निम्म्याहून जास्त पट्टी उडाली आणि रंग पिवळा झाला. मी आधी स्लीप पावडर टाकली, ती बसली, मग लीच सीड. लीच सीडचा हिशेब समोरच्याच्या एचपीवर असतो, तुमच्या नाही. त्यामुळे एवढ्या मोठ्या देहातून दर फेरीला सतरा-अठरा एचपी माझ्याकडे यायला लागले. बारीक हिरवे ठिपके स्नोरलॅक्सकडून निघून माझ्या बाजूला यायचे, आणि पिवळी पट्टी पुन्हा हिरवी झाली. स्नोरलॅक्स झोपेतही घोरून मारतो, तरी त्याला ते पुरत नव्हतं. बाजूला बसलेला भाचा ओरडायला लागला, "मावशी, बॉल टाक आता, नाहीतर तो पडेल!" त्याचं बरोबर होतं. लीच सीड एकदा लागली की थांबवता येत नाही. पकडायचा पोकेमॉन असेल तर वेळेवर बॉल टाकायला हवा. झोपलेला पोकेमॉन पकडला जाण्याची शक्यता दुप्पट असते, म्हणून पकडायच्या कामी स्लीप पावडर सोन्यासारखी आहे. मोठमोठ्या पोकेमॉनच्या मागे लागलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

सबरिना आणि ब्लेनकडे मी व्हीनसॉरला लढायला म्हणून उतरवलं नाही. स्लीप पावडर टाकायची आणि लगेच माघारी बोलवायचं, तेवढंच. मग बाकीचं काम सिल्फ कंपनीच्या इमारतीत भेट मिळालेल्या लॅप्रसने आणि डिग्लेट्स केव्हमधून पकडलेल्या डगट्रिओने केलं. बल्बासॉर घेतलेल्याला संघ बांधायला शिकावंच लागतं. चारमँडर किंवा स्क्वर्टल एकट्याच्या जिवावर बराच पल्ला मारू शकतात, बल्बासॉरबरोबर तसं जमत नाही. शेवटची, जिओव्हानीची जिम पुन्हा जमिनीच्या पोकेमॉनची. तिथे त्याच्या ऱ्हायहॉर्नवर रेझर लीफ ही गवताची चाल चौपट बसते, आणि जिंकल्यावर तो अर्थक्वेक ही जमिनीची चाल देतो, जी व्हीनसॉर शिकू शकतो. ही चाल त्याला नक्की शिकवा. चारिझार्ड सोडला तर बहुतेक आगवाल्यांना ती भारी पडते.

एक बारकावा सांगते. पोकेमॉन मोठा होऊ लागला की बी बटण दाबून ते थांबवता येतं. बल्बासॉरला रेझर लीफ विसाव्या लेव्हलला येते, आयव्हीसॉरला बाविसाव्या. सोलर बीम या उन्हाच्या चालीचं अंतर तर फार मोठं: बल्बासॉरला ४६, आयव्हीसॉरला ५६, व्हीनसॉरला ६५. म्हणजे लहान राहिला तर चाली लवकर, पण अंगात बळ कमी. मी सोळाव्यालाच होऊ दिला. मिस्टीच्या स्टारमीसमोर आयव्हीसॉरची जास्तीची ताकद दोन लेव्हल आधी मिळणाऱ्या रेझर लीफपेक्षा मोलाची वाटली. कार्टूनमधल्या बल्बासॉरवर जीव असेल तर कायम छोटाच ठेवूनही खेळता येतं, फक्त मग ब्लेनकडे फार सोसावं लागेल.

वनस्पतींची बाई म्हणून काही गोष्टींनी मला खरोखर आनंद दिला. सिंथेसिस या चालीने पोकेमॉन स्वतःला बरा करतो: साध्या हवामानात निम्मे एचपी, सनी डे वापरून ऊन पाडलं असेल तर दोन तृतीयांश, पावसात फक्त चतकोर. सोलर बीमला एक फेरी ऊर्जा साठवायला लागते, पण ऊन असेल तर लगेच सुटते, आणि पावसात तिची ताकद अर्धी होते. प्रकाशसंश्लेषण शिकवायला याहून चांगलं उदाहरण मी वर्गात दिलेलं नाही. स्वीट सेंट ही सुवासाची चाल लढाईबाहेर, गवतात उभं राहून वापरली की जंगली पोकेमॉन ओढला जातो. फुलाचा वास परागीभवनासाठी किडे बोलावतो त्याचीच ही आठवण. बल्बासॉर विषारी का, असं विद्यार्थी विचारतात. धोतरा, कण्हेर, रुई बघा, म्हणते. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते विष बनवतं.

पण एक गोष्ट मला पटलेली नाही. लीच सीड गवत गटाच्या पोकेमॉनवर अजिबात चालत नाही. एरिकाच्या जिममध्ये म्हणूनच ती कुचकामी ठरते. निसर्गात नेमकं उलट आहे: अमरवेल, बांडगूळ या परजीवी वनस्पती दुसऱ्या वनस्पतींवरच जगतात, चूषक मुळं त्यांच्याच अंगात घुसवतात. खेळाचा तोल राखायला हा नियम केला असेल हे मी समजू शकते, तरी एरिकाला तिच्याच बागेत लीच सीडने हरवता आलं असतं तर किती मजा आली असती. दुसरी तक्रार बुरशीची. पॅरस आणि पॅरासेक्ट या किड्यांसारख्या पोकेमॉनच्या पाठीवर अळंबी आहे, अळीच्या अंगावर वाढणाऱ्या खऱ्या बुरशीवरून ती घेतलेली आहे, आणि पॅरासेक्टमध्ये तर ती अळंबीच किड्याला चालवते. कल्पना जबरदस्त, पण त्यांना गवत गटात टाकलंय. बुरशी ही वनस्पती नव्हे हे आम्ही दरवर्षी घसा कोरडा करून सांगतो.

लीफग्रीनमधली बाकीची झाडंही बघण्यासारखी आहेत. व्हाइलप्लूम उघडपणे रॅफ्लेशिया या अजस्र फुलावरून, व्हिक्ट्रीबेल घटपर्णी या कीटक खाणाऱ्या वनस्पतीवरून. भारतात घटपर्णी मेघालयात आढळते. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर कीटक खाणारी दवबिंदू ही इवलीशी वनस्पती जमिनीलगत दिसते. कास पाहिलेल्या कुणालाही व्हिक्ट्रीबेलचं लहान रूप, बेलस्प्राउट, ओळखीचं वाटेल. मात्र लीफग्रीनमध्ये बेलस्प्राउट मिळतो आणि व्हाइलप्लूमचं लहान रूप ऑडिश मिळत नाही, ऑडिश फायररेड या जोडीच्या गेममध्ये. म्हणजे व्हाइलप्लूम हवा असेल तर फायररेडवाला मित्र, दुसरं गेम बॉय आणि जोडायची केबल नाहीतर वायरलेस अडॅप्टर, एवढं सगळं जमवावं लागतं. १९९६ साली शाळेच्या मैदानात मुलांनी अदलाबदल करावी म्हणून ठेवलेली ही युक्ती, आज एकट्याने खेळणाऱ्याला मात्र ती जाचक होते. याचा मला रागच आहे. गेममध्ये दिवस-रात्रही नाही. उन्हावर जगणाऱ्या पोकेमॉनच्या गेममध्ये सूर्य उगवतही नाही आणि मावळतही नाही, हे खटकतं.

बाकी सोयी चांगल्या. जुना खेळ पुन्हा सुरू केला की तुम्ही शेवटी काय काय केलं होतं त्याची छोटी झलक दाखवतात, त्यामुळे परीक्षेच्या पेपर तपासणीनंतर परत आले तरी धागा सुटला नाही. एल किंवा आर बटण दाबलं की मदतीचं पान उघडतं. इंग्रजी सोपं आहे, सातवी-आठवीतलं मूल सहज वाचेल. एलिट फोर जिंकल्यावर सेव्ही बेटांवरचा मोठा भाग उघडतो. त्यातल्या दुसऱ्या बेटावर केप ब्रिंक नावाच्या टोकाला एक म्हातारी राहते. व्हीनसॉरला सगळ्यात पुढे ठेवून तिच्याकडे गेलात आणि त्याचा तुमच्यावर पुरेपूर जीव असेल, तर ती फ्रेंझी प्लँट शिकवते. ताकद १५०, पण वार केल्यावर पुढची फेरी हालचाल करता येत नाही. मी शिकवून घेतली, पण वापरते क्वचित. लीच सीड, स्लीप पावडर, रेझर लीफ आणि अर्थक्वेक या चौकडीतली एकही काढायला मन होत नव्हतं, शेवटी रेझर लीफ गेली.

कॅसेट घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. माझी कॅसेट अमेरिकेत राहणाऱ्या धाकट्या भावाची, त्याने नवी असताना घेतलेली. भाच्यासाठी दुसरी बघायला गेलो तर बाजारात नकली लीफग्रीनचा सुळसुळाट. एका दुकानात ठेवलेल्या कॅसेटच्या कागदावर छपाई पुसट होती आणि रंगही वेगळा होता. आत बॅटरी दिसली म्हणून तिथेच परत ठेवली. खऱ्या लीफग्रीनला बॅटरी लागत नाही, कारण खेळ आतल्या फ्लॅश मेमरीत साठतो आणि गेममध्ये घड्याळच नाही. नकलीत अनेकदा खेळ साठवला जात नाही किंवा एलिट फोर जिंकल्यावर नेमका पुसला जातो, आणि व्हीनसॉरसकट सगळं जातं. आधी गेम सुरू करून, साठवून, मशीन बंद करून पुन्हा लावून बघू द्या असं दुकानदाराला सांगा. देत नसेल तर घेऊ नका. गेम बॉय ॲडव्हान्स नसेल तर निन्टेन्डो डीएस किंवा डीएस लाइटच्या खालच्या खाचेतही ही कॅसेट चालते, फक्त त्यावर दुसऱ्याशी पोकेमॉनची अदलाबदल होत नाही.